धरून ठेवा

चार पेले पाणी प्या, चे जाफाली,
आणि मग धरून ठेवा.
हसू नका. या तपासणीतली तुमची विद्या एवढीच,
बाकीची माझी.

रिकामं मूत्राशय म्हणजे चुरगळलेली पिशवी.
घडीत काय अडकलंय, मला कळत नाही.
भरलं की ताणतं, गोल होतं,
आणि आवाज त्यातून आरपार जातो.
हो, आवाजच. तुम्हाला ऐकू न येणारा.
विहिरीत खडा टाकून खोली जोखतात ना, तसा.
सुई नाही. चिरणं नाही. क्ष-किरणही नाहीत.

पेला ओठाशी नेऊन तुम्ही थबकलात.
समजलं मला.
हे बोअरचं पाणी आहे, सरोवराचं नाही.

बाकावर तुमच्या दोन्ही बाजूंना पोटुशा बाया,
त्यांच्याही हातात पेले.
मंकी बेच्या या खोलीत पुरुष क्वचितच येतात.
एकीनं विचारलं, "कितवा महिना, काका?"
अख्खा बाक हसला. तुम्हीही हसलात,
मग पटकन मांड्या आवळल्यात.

आणि तेवढ्यात वीज गेली.

चाळीस मिनिटं.
तेवढ्या वेळात तुम्ही मला सांगितलंत
जे झैनाबूला एकवीस वर्षांत सांगितलं नाहीत:
बाराव्या वर्षी पहिल्यांदा लाल झाली,
तर आजोबा म्हणाले, पोरगा वयात आला.
त्या दिवशी घरात चांबो मासा शिजला होता.
सगळ्या मित्रांना व्हायची.
ज्याला होत नसे त्याला चिडवायचो.

मी कपाळावर हात मारला नाही.
माझ्या भावालाही होत होती.

वीज आली. आडवे व्हा.
जेल गार लागेल, सगळेच दचकतात.
दाबते आहे, दुखलं तर बोला,
लाज वाटली तर छताकडे बघा,
तिथं पाल आहे, रोज असते.

पडद्यावर काळं पाणी, मधोमध.
रात्री कंदील लावून उसिपा धरायला जाता,
तेव्हा होडीखाली असतं तसं काळं.
आणि काठाला एक पांढरी रेघ,
अंड्याच्या टरफलासारखी.

मी प्रोब तिरका केला. पुन्हा सरळ.
रेघ तिथंच.

"मुलगा की मुलगी?" तुम्ही विचारलंत.
तुम्हाला ठाऊक असलेला एकच प्रश्न,
झैनाबूच्या वेळचा.

आता जा, मोकळे होऊन या.
सावकाश. अर्धवट नको.
पुन्हा बघायचंय, मागे किती उरतं ते.
उरलेलंही बोलतं, चे जाफाली,
कधी कधी भरलेल्यापेक्षा जास्त.

उरलं होतं. थोडं.

ऐका.
मी चित्र काढते, निकाल देत नाही.
भिंत जाड दिसते, एवढं मला दिसतं.
ती का जाड झाली, ते डॉक्टर सांगतील.
कदाचित गोळ्या देतील, तुमचं वजन करून.
कदाचित ब्लँटायरला पाठवतील.
तिथं दुर्बीण आत घालून बघतात,
ते याच्यासारखं नाही, तिथं थोडं जळजळतं,
आधी सांगून ठेवते, म्हणजे माझ्या नावानं बोटं मोडू नका.
शिरेतून औषध देऊन फोटो काढणार असतील
तर मूत्रपिंडाचं सांगा, पूर्वी कशानं अंग सुजलं असेल तर तेही सांगा.
आणि "काही नाही" असं लिहून आलं
तरी लाल दिसली तर परत या.
चित्र त्या दिवसाचं असतं.

तुम्ही कागदानं पोट पुसलंत.
तो कागद नीट घडी करून खिशात ठेवलात, का कोण जाणे.
दारापर्यंत गेलात,
परत आलात.

"माझा नातू. नऊ वर्षांचा.
परवा म्हणाला, मीपण मोठा झालो.
त्याला पण पाणी पाजून आणू?"

आणा.
चार नको, दोन पेले.
आणि वाटेत सरोवरात उतरू देऊ नका,
कितीही उकडत असलं तरी.